ओसेकच्या पायऱ्या आणि पाच मिनिटांचा दगा

श्री गिरिदेव प्रसन्न.

राजमान्य राजेश्री वाचक, अखंडितनिद्रा-अलंकृत, आणि ज्यांचे घरी दात फुटणारे लेकरू असल्याकारणे ही पदवी तूर्त रद्द जाहली आहे तेही, सर्वांस विज्ञापना ऐसी जे, सोराक पर्वताचे देछोंग शिखरावर हानबीबाईसाहेब यांनी दोघी मैत्रिणींसह स्वारी केली, त्या स्वारीत आभाळ कैसे फिरले, फौज कैसी फिरली, कोणाचे तोंडून कोणता शब्द निघाला आणि तो शब्द परत आणावयास काय सायास पडले, ते सर्व साद्यंत लिहिणे आले. तरी चित्त देऊन ऐकावे, आणि मध्येच उठून दूध गरम करावयाचे असेल तर खुशाल करावे, बखर थांबेल.

प्रारंभी इशारतीचे वर्तमान. हानबीबाईंच्या सासूबाई सोकछो बंदरच्या, उभा जन्म पूर्वसमुद्राचे काठी मासळी सुकविण्यात गेला, वारा कोणीकडून येणार ते नाकाने जाणणार. त्यांनी स्वारीचे आदले दिवशी फोन करून फर्माविले, "इरोच्या आई, हातमोजे घेऊन जा. मे महिना आपल्याला. डोंगराला कोण सांगायला गेलंय?" आणि हानबीबाईंनी "हो आई, हो हो," म्हणून फोन खांद्यात धरून युवराज इरोसाहेबांची नाकपुडी साफ केली, आणि हातमोजे घेतले नाहीत. याचे कारण ऐसे जे, युवराजांचे जन्मापासून सासूबाईंचे दरबारातून रोज इशारती येत, की गार पाणी पिऊ नको, पायांत मोजे घातल्याशिवाय फिरू नको, पंखा लावून निजू नको, समुद्री शेवाळाचे सार एक वेळही चुकवू नको. त्यामुळे खरी तोफ कोणती आणि फटाका कोणता, हे ओळखावयाचे कान बाईंचे राहिले नव्हते.

नवल ऐसे की, स्वतः बाई इशारती देण्यात सासूबाईंस हार जाणाऱ्या नव्हत्या. निघतेसमयी यजमान दोजुनराव यांस दारातच उभे करून हुकूम जाहले, की द्राक्ष सोलून चार तुकडे केल्याखेरीज देऊ नये, युवराज उताणे निजले नाहीत तर उताणे करावे, करून परत पाहावे, आणि फार वेळ गप्प असले तर मुद्दाम जाऊन पाहावे. दोजुनराव कडेवर युवराज घेऊन अर्ज करिते जाहले, "अगं, जा ना आता. मी बाप आहे त्याचा, पाहुणा नाही." आणि युवराजांनी बापाचे चष्म्यावर हात घातला, तो शुभशकुन मानून बाई बाहेर पडल्या. परंतु अकरा महिन्यांचे सवयीने पाठीवरील पिशवीत युवराजांचे दुपटे, अंगावर चिकटविण्याच्या उबेच्या पुड्या आणि लोकरी मोज्यांचे दोन जोड आपोआप गेले होते, ते बाईंस ठाऊक नव्हते.

आता सरदारांची ओळख. सरलष्कर मीरेताई. कॉलेजच्या गिर्यारोहण मंडळात या हानबीबाईंहून दोन वर्षे पुढे होत्या, सबब त्या मुलुखाच्या रिवाजाप्रमाणे मरेपर्यंत सरलष्कर त्याच, जरी अलीकडे दातांचे दवाखान्यात खुर्चीवर बसून राहिल्याने सरकत्या जिन्याखेरीज दुसरी चढण त्यांनी पाहिली नव्हती. दुसऱ्या गारमबाई, हानबीबाईंच्या वर्गातल्या, कोठीचा अखत्यार त्यांजकडे. किंबापच्या, म्हणजे समुद्री शेवाळात वळलेल्या भाताच्या, गुंडाळ्या, काकड्या, थर्मासात उकळते पाणी आणि सरलष्करांपासून लपवून माकोल्लीची, म्हणजे तांदळाचे दारूची, एक बाटली, ऐसा सरंजाम त्यांनी पाठीवर घेतला होता. वसंतात वणव्याचे भयाने पर्वताची दारे सरकारातून बंद असतात, ती मे महिन्याचे मध्यावर उघडतात. त्या उघडण्याचे दिवशीच तिघींनी ओसेक गावाहून पहाटेस कूच केले, आणि बाळंतपणानंतरची पहिलीच मोहीम म्हणून हानबीबाईंचा मनसुबा एकच, की शिखरावरील शिळेस हात लावून तसबीर काढावी आणि ती मंडळाच्या गटावर टाकावी, म्हणजे आपण केवळ इरोची आई नव्हे, हे जगास जाहीर व्हावे.

ओसेकच्या पायऱ्यांविषयी काय लिहावे! त्या चढतात, आणि मग चढतात, आणि वळण आले की वाटते आता सपाट येईल, तो पुन्हा चढतात. ज्याने हा मार्ग बांधिला त्यास गुडघे नसावेत ऐसे सरलष्करांचे मत पडले. आणि या मार्गी एक पुरातन दस्तूर आहे, तो वाचकांनी ध्यानी धरावा. जे लोक रात्रीच चढून उजाडता उतरू लागतात, त्यांस चढणाऱ्याने विचारावे, "अजून किती राहिलं हो?" आणि उतरणाऱ्याने, शिखर चार हाकांवर असो की चार कोसांवर, हसून सांगावे, "आलंच की! पाचच मिनिटं!" हे खोटे आहे हे सांगणारा जाणतो, ऐकणारा जाणतो, तरी ऐकणाऱ्याचे पायांत जीव येतो आणि सांगणाऱ्यास पुण्य लागते. त्या सकाळी आमचे फौजेस ऐसी पाच मिनिटे किती जणांनी बहाल केली त्याची गणती नाही. एका जांभळ्या टोपीच्या काकांनी तर पाच मिनिटांवर एक काकडीही दिली.

गारमबाई पायरीवर बसून म्हणाल्या, "मघापासून पाच मिनिटं चाललीयत. माझं लग्न ठरून मोडलं एवढ्या वेळात."

"ऊठ," सरलष्कर म्हणाल्या, "रडायचं ते वर रड. तिथे निदान फोटो चांगला येईल."

येणेप्रमाणे अर्धी चढण सर होते, तो आभाळ फिरले. पूर्वसमुद्राकडून ढगांची फौज चाल करून आली, आणि प्रथम धुके, मग पाऊस, मग पावसात खडे, आणि मग ते खडे मऊ होऊन चक्क हिम पडू लागले. वरच्या अंगास रानातली गुलाबी फुले नुकती उमलली होती, त्यांवर पांढरा थर बसू लागला आणि वारा ऐसा, की शब्द तोंडातून निघे तो शेजारणीस न पोहोचता परस्पर दरीत जाई. हानबीबाईंची बोटे प्रथम लाल, मग पांढरी, मग परक्याची जाहली. तेव्हा पिशवीत हात घालून पाहतात तो युवराजांचे मोजे! ते चार बोटांवर ओढून, अंगठा बाहेर ठेवून, बाई पुढे चालल्या, आणि मोज्यांवर अस्वलाचे कान शिवलेले होते, ते पाहून गारमबाईंस ऐसे हसू लोटले की वाऱ्यातही ऐकू आले.

कड्याखाली आडोशास उभे राहून मसलत जाहली. सरलष्करांनी वर पाहिले, वर काही नव्हते. खाली पाहिले, खालीही काही नव्हते. मग हुकूम सोडिला, "फिरा. शिखर कुठे पळून जात नाही."

"ताई, सगळे म्हणतायत पाचच मिनिटं..." हानबीबाई.

"सगळे पहाटेपासून म्हणतायत. फिर म्हटलं ना."

आणि फौज फिरली. शिखर राहिले, शिळा राहिली, तसबीर राहिली. हानबीबाई सर्वांपुढे, मान खाली, मनात खट्टू, निळी टोपी कानांवर ओढून उतरू लागल्या, सरलष्कर बऱ्याच मागे, डोळे पायाखालील निसरड्या पायरीवर ठेवून, आणि गारमबाई बुटाची नाडी बांधण्यास्तव मागे राहिल्या.

ऐशा समयी धुक्यातून एक म्हातारी वर येताना दिसली. अंगात पातळ गुलाबी जाकीट, डोईस कापडी टोपी, पाठीवर लहान गाठोडे, हाती एक काठी, सोबत कोणी नाही. ती थांबली, काठीवर हनुवटी टेकून श्वास घेतला आणि विचारिती जाहली, "पोरी, धुक्यात खुणा दिसेनात. अजून किती गं?"

येथे लेखणी अडखळते. हानबीबाईंनी शिखर पाहिले नव्हते. परंतु दस्तूर तो दस्तूर, आणि माघारी फिरल्याची लाज ती निराळी. "मी अर्ध्यातूनच फिरले" हे सांगण्यास जीभ रेटेना, आणि मग त्याच जिभेने हसून सांगितले, "आलंच की आजी! पाचच मिनिटं!"

म्हातारी "बरं बाई," म्हणाली आणि धुक्यात गेली.

फौज पुढे उतरती जाहली, हिम थांबून पुन्हा पाऊस लागला, आणि ओढ्याजवळ लाकडी पुलावर गारमबाईंनी गाठले. त्या येता येताच बोलू लागल्या, "ती गुलाबी जाकीटवाली आजी भेटली का गं तुम्हाला? काय हिंमत बाई! मी म्हटलं, आजी, फिरा आता, वर बर्फ आहे. तर म्हणते, मी इथूनच परत फिरणार होते, गुडघा साथ देईना. पण निळ्या टोपीवाली पोरगी म्हणाली पाचच मिनिटं राहिलीत, तेवढ्यासाठी कशाला फिरू?"

हानबीबाई पुलाचे कठड्यास धरून उभ्या राहिल्या. डोक्यावरची निळी टोपी त्यांनी काढून हाती घेतली आणि तिजकडे पाहिले, जैसे तीच बोलली असावी.

"मी वर गेले तरी होते का?" त्या म्हणाल्या.

"अगं, सगळेच म्हणतात तसं," गारमबाई समजाविती जाहल्या. "ती काय आजची आहे? तिला कळतं."

"नाही ना कळलं. फिरणार होती ती. मी तिला वर पाठवलं."

सरलष्करांनी तत्काळ पर्वताचे पहाऱ्याचे चौकीस फोन लाविला. चौकीतून जाब आला, की माणसे पाठवितो, परंतु दुसरे अंगास एकाचा पाय मोडला आहे तिकडे निम्मी माणसे गेली, उरलेली खालून चढतील, त्यांस वेळ लागेल, आपण असाल तेथे थांबावे. हानबीबाईंनी थांबण्याचा शब्द ऐकिला, आणि मग पाठ वळवून वरच्या पायऱ्या चढू लागल्या.

"इरोची आई!" सरलष्कर गर्जल्या. हे नाव त्या एरवी कधी घेत नसत. "थांब म्हणतायत ते!"

"तुम्ही थांबा ताई. मी जिथे सोडली तिथपर्यंत बघून येते."

"एकटी? आणि तुलाच शोधायला मग कोण जाणार, मी? ए गारम, चल. थर्मास माझ्याकडे दे, तू सांडशील. आणि ती बाटली लपवू नकोस, मला केव्हाच दिसलीय."

मग तिघी पुन्हा चढल्या. ज्या पायऱ्या एकदा चढून उतरल्या त्याच पुन्हा चढणे हा नरकातील कोणत्या तरी खात्याचा कायदा असावा. सरलष्करांचे गुडघ्याने आवाज काढिला, गारमबाई दोनदा पडल्या, एकदा जाणून आणि एकदा न जाणून, आणि हानबीबाई सर्वांपुढे "आजी! आजी!" म्हणून हाका मारीत, आणि दर हाकेनंतर थांबून कान देत, जैसे घरी रात्री पाळण्यापाशी देतात. वारा हाका घेऊन जाई, परत काही आणून देत नसे. जेथे म्हातारी भेटली होती ती जागा आली आणि मागे गेली. कड्याचा आडोसा आला, तोही रिकामा. आणखी वर, जेथे आमची फौज प्रथमही पोहोचली नव्हती, तेथे वाटेवर एक काठी आडवी पडलेली दिसली.

काठीपासून दोन हात आत, खडकाचे बगलेस, गुलाबी जाकीट. म्हातारी गाठोडे मांडीवर घेऊन बसली होती, टोपी कोठे उडाली होती, पांढऱ्या केसांत हिम अडकले होते, आणि डोळे मिटलेले. थरथरत नव्हती. हानबीबाईंनी गुडघे टेकून तिचे दोन्ही गाल हातांत धरिले, अस्वलाच्या मोज्यांसकट.

"आजी! ए आजी! डोळे उघडा!"

म्हातारीने एक डोळा उघडिला, आणि फार लांबून बोलावे तैसे बोलली, "पाच मिनिटं झाली का गं?"

यावर हानबीबाईंस काय जाहले ते बखरीत लिहिण्याजोगे नाही. तथापि हात थांबले नाहीत. पावसाळी कोटाखालचे आपले कोरडे जाकीट काढून म्हातारीचे ओल्या अंगावर चढविले, युवराजांचे दुपटे तिचे डोईस कानांवरून गुंडाळिले, उबेच्या पुड्या चोळून काखांत दिल्या, मोज्यांचा दुसरा जोड तिच्या हातांत घातला. सरलष्करांनी पाठीशी बसून वारा अडविला, आणि गारमबाईंनी थर्मासाचे पाणी टोपणात ओतून कोमट करून घोट घोट पाजिले. बाटलीकडे हात गेला होता, तो हानबीबाईंनी अशा नजरेने परतविला की गारमबाई पुन्हा विचारत्या न जाहल्या. आणि मग थोड्या वेळाने म्हातारी थरथरू लागली, दात वाजू लागले, आणि तिने आपल्या हातांकडे पाहिले.

"हे काय घातलंयस मला? अस्वलं?"

"आजी," हानबीबाई म्हणाल्या, "मी खोटं बोलले. मी वर गेलेच नव्हते. आम्ही अर्ध्यातून फिरलो होतो. किती राहिलंय मला माहीतच नव्हतं."

म्हातारीने अस्वलाच्या मोज्याचा हात उगारिला. आणि मग तिचे तोंडून जी वाग्धारा सुटली तिचा ओसेक परगण्यात लौकिक आहे हे नंतर कळले. "टवळे! थापाडे! माझा जन्म गेला या डोंगरात, रानभाजी खुडून पोर शिकवलं मी, आणि तू मला पाच मिनिटं शिकवतेस? तुझ्या जिभेला बर्फ लागो! घरी मूलबाळ आहे का नाही तुला?"

"आहे आजी. दात येतायत त्याला."

"मग त्याच्याशी तरी खरं बोलत जा, मेले!"

शिव्या जों जों चढत्या जाहल्या तों तों म्हातारीचे गालांस रंग आला, आणि हानबीबाई रडत रडत "हो आजी, हो हो," म्हणत राहिल्या. म्हातारीचे नाव पिलसुन. दर साली दार उघडण्याचे दिवशी देछोंगास जाऊन यावयाचे, ऐसा तिचा नेम. औंदा गुडघ्याचे ऑपरेशन जाहले म्हणून मुलाने फोनवरून मनाई केली होती, सबब कोणास न सांगता निघाली होती. उठून उभी राहताच ती वरचे अंगास चालू लागली.

"कुठे?" सरलष्कर.

"वर. एवढी आले ती काय खडक बघायला?"

तेव्हा हानबीबाईंनी वाटेत आडवे होऊन, युवराजांस विजेच्या खटक्यापासून दूर करावयाचा जो स्वर असतो त्या स्वरात फर्मान काढिले, "खाली. आत्ता. माझा हात धरायचा." आणि जी डोंगरापुढे कधी हार गेली नाही ती म्हातारी त्या स्वरापुढे हार गेली, आणि हात धरिला.

उतरताना पुढे सरलष्कर, मध्ये हानबीबाई आणि पिलसुन आजी, मागे गारमबाई, ऐसी पायरी पायरीने फौज येत असता खालून तीन तरुण उड्या मारीत आले, पायांत धावावयाचे बूट, कानांत गाणी. त्यांतील एकाने गाणी बंद करून विचारिले, "ताई, किती राहिलंय अजून?"

पिलसुन आजींचे तोंड सवयीने उघडले, "आलंच की बाळा, पाच..."

"दोन तास!" हानबीबाई ओरडल्या. "नक्की माहीत नाही, जास्तच असेल. वर बर्फ आहे, समोरचं दिसत नाही, आणि आम्ही शिखर पाहिलेलं नाही. परत फिरा."

 त्या मार्गावर ऐसे उत्तर त्या तिघा तरुणांस कोणी दिले नव्हते. एक जण दुखावून म्हणाला, "असं काय बोलता हो तुम्ही? जरा धीर द्यायचा माणसाला!" परंतु दुसऱ्याने आपल्या भिजल्या बुटांकडे पाहिले, अस्वलाच्या कानांकडे पाहिले, आणि मुकाट्याने फिरला, मग बाकीचे दोघे त्यास भित्रा म्हणत म्हणत त्याचेच मागे फिरले.

लाकडी पुलापाशी चौकीची माणसे भेटली, त्यांनी चकाकणारे पांघरूण घालून आजींस पाठंगुळी घेतले, आणि ती त्यांसही वाटभर नावे ठेवीत गेली, की पाठ हाडांची आहे, आणि आजकालची पोरे जेवतात काय. गावात उतरल्यावर डॉक्टराने तपासून बोटे शाबूत आहेत ऐसे सांगितले, रात्र तेथेच काढावी म्हटले, ते आजींनी मानिले नाही. मग खानावळीत चौघींनी ओल्या कपड्यांनीच बटाट्याची गरम धिरडी खाल्ली, आणि आता ती बाटली उघडली गेली, आणि पहिला पेला आजींनी सरलष्करांस न विचारता घेतला. तेथे आजींनी तिघींस शपथ घातली, की मुलाला काही कळवावयाचे नाही. "कळलं तर इंचनला त्याच्या घरी नेऊन तेराव्या मजल्यावर ठेवील मला," त्या म्हणाल्या, आणि प्रथमच हळू बोलल्या. हानबीबाईंनी शपथ घेतली. आणि सुवोनास घरी परतल्या तेव्हा युवराज उताणे निजले होते, आणि दोजुनराव त्यांचे शेजारी बसून श्वास मोजीत होते.

येणेप्रमाणे मोहीम संपूर्ण जाहली. शिखर काबीज जाहले नाही, शिळेस हात लागला नाही, मंडळाच्या गटावर तसबीर गेली नाही. तथापि तिघी वर गेल्या आणि चौघी खाली आल्या, ही फत्ते दप्तरी दाखल व्हावी, आणि आणखी काही दाखल होण्याची गरज नाही.

आता एक विनंती. त्यास आठ दिवस जाहले. हानबीबाई रोज सकाळी आजींस फोन करितात. पहिले काही दिवस आजी उचलून दोन शिव्या देऊन ठेवीत, ते ठीक होते. परवापासून फोन वाजतो आणि कोणी उचलीत नाही. फोन रानभाजीचे टोपलीत राहिला असेल, ऐसे सरलष्कर म्हणतात. युवराजांस दातांचा ताप, सबब बाईंस निघवत नाही, आणि आजींचे मुलास कळवावे तर शपथ घेतलेली. तरी वाचकांपैकी कोणी ऊन पाण्याचे झऱ्यांस ओसेकाकडे जाणार असेल, त्याने कृपा करून गावचे पुलापलीकडे शेवटचे निळ्या पत्र्याचे घर आहे तेथवर जावे, अंगणात भाजी वाळत घातली असेल, आणि दार वाजवावे. आतून शिवी आली तर क्षेम समजावे आणि तैसेच परतावे. शिवी न आली, तर वाट पाहू नये. कडी काढून आत जावे.